बाईंच्या टेबलाखाली

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. कागदाचा कचरा टाकायची टोपली. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण ज्या बाईंच्या टेबलाखाली मी बावन्न वर्षे काढली त्यांना ही साधी गोष्ट अजून समजलेली नाही. बाई मोठ्या लेखिका आहेत. पाच कादंबऱ्या, लेखांची तीन पुस्तके आणि वर्तमानपत्रातला मजकूर तर मोजण्यापलीकडचा. माणसाच्या मनात काय चालते ते त्यांना म्हणे आरपार दिसते. पण टोपली कशासाठी असते, एवढे विचारून पाहा त्यांना.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या उघड्या दारात झाला. वेतकाम करणारी एक बाई तिथे बसायची. भिजवलेले वेत ती गुडघ्यावर दाबून वाकवायची आणि तोंडाने काही ना काही पुटपुटत विणायची. माझा तळ तिने इतका घट्ट विणला की त्यातून पेन्सिलीचा भुगासुद्धा गळत नाही. काठ मात्र एका बाजूला झुकला आहे. काठाची वीण चालू असताना शेजारीण दारात येऊन उभी राहिली आणि तिने सुनेची तक्रार सुरू केली. तक्रार लांबली आणि काठावरचे लक्ष उडाले. तेव्हापासून मी कान देऊन ऐकत असल्यासारखी दिसते. खरे तर ऐकण्यावाचून मला दुसरा इलाजही नव्हता.

आम्ही बारा जणी एकदम एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. ते माझे सुखाचे दिवस. टेलिप्रिंटरचे लांबलचक कागद, शेंगदाण्याची टरफले, मोडक्या टाचण्या, संपादकांनी फाडलेली पत्रे, असे सगळे माझ्या पोटात यायचे आणि तिथेच राहायचे. संध्याकाळी झाडूवाल्या मावशी यायच्या, मला उलटी करायच्या आणि तळावर दोन थापा मारायच्या. त्या थापांत काम नीट झाल्याचे समाधान असायचे. टोपलीला याहून जास्त काय हवे?

मग एका सोमवारी बाई आल्या. वय बावीस. त्या खोलीत टेबल मिळालेली पहिली स्त्री. टेबल दिले ते दाराजवळचे, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा धक्का लागेल असे, आणि त्याच्या खाली मी. त्यांच्याकडे महिलांचे पान होते. स्वेटरचे टाके, कपड्यांवरचे डाग, मुलांचे खोकले. संपादक निळ्या शाईने दुरुस्त्या करत, म्हणून बाई हिरव्या शाईने लिहू लागल्या. आपले कोणते आणि त्यांचे कोणते हे नंतर कळावे म्हणून.

त्यांची लिहिण्याची रीत पाहून मला पहिल्याच दिवशी घाम फुटला. एक वाक्य लिहायचे, कागद फाडायचा, चुरगळायचा, माझ्यात टाकायचा. दुसरे वाक्य, दुसरा कागद. इथवर ठीक होते. पण पाच मिनिटांनी त्या खाली वाकत आणि माझ्यात हात घालून, भाजी निवडावी तसे, टाकलेले बोळे उलगडून बघत. हा नको, हा नको, हा हवा. मित्रांनो, टाकलेली वस्तू परत घ्यायची नसते. तसे करायचे असेल तर टाकायची कशाला? मी किती वेळा मनातल्या मनात ओरडले. वेताचा आवाज कोणाला ऐकू येतो?

दुसऱ्या वर्षी त्या तीन दुपारी एका सरकारी दवाखान्यात जाऊन बसल्या. बाळंतिणींच्या खोलीत एकेका खाटेवर दोन-दोन बायका झोपत होत्या. त्यावर त्यांनी लिहिले आणि संपादकांना दिले. संपादकांनी उभ्याउभ्या वाचले.

"बाई, लिहिता छान," ते म्हणाले. "पण आपल्या पानावर जरा आनंदी काहीतरी असावं. डागांचं काय झालं?"

आणि तो मजकूर त्यांनी माझ्यात टाकला. बाई डागांविषयी लिहायला बसल्या.

त्या संध्याकाळी छापखान्यातला फोरमन धापा टाकत वर आला. साबणाची एक जाहिरात आयत्या वेळी मागे घेतली गेली होती. तिसऱ्या पानावर आठ इंचांचे भगदाड पडले होते आणि संपादक दाताच्या डॉक्टरकडे गेलेले. आठ इंच काहीही द्या, असे तो म्हणाला. बाई वाकल्या. मी जमेल तेवढा विरोध केला. माझ्या एका कुसळात कागद अडकला आणि त्याचा कोपरा फाटला. पण त्यांनी तो काढलाच, तळहाताने सपाट केला, जाड शब्दकोशाखाली दाबला आणि फोरमनच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून टेलिफोन थांबेना. महिन्याभरात त्या दवाखान्यात पंधरा नव्या खाटा आल्या. संपादक सगळ्यांना सांगत होते की मला वाचताक्षणीच जाणवलं होतं. आणि बाईंच्या डोक्यात एक वेड बसले ते कायमचेच. आपले जे काही चांगले असते ते या टोपलीतूनच वर येते, असे त्यांना वाटू लागले.

नऊ वर्षांनी त्यांनी कचेरी सोडली. घरून साप्ताहिक सदर लिहायचे आणि उरलेल्या वेळात कादंबरी, असे ठरले होते. निरोपाला मंडळींनी भिंतीवरचे घड्याळ आणले होते. बाई म्हणाल्या की घड्याळ घरी आहे, त्यापेक्षा ही टोपली द्या. सगळे हसले. बाई किती साध्या, असे कोणीतरी म्हणाले. माझ्याशी कोणी बोलले नाही.

घरी बाईंचे टेबल स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधल्या पट्टीत होते. बाईंच्या यजमानांना मी 'अहो' म्हणूनच ओळखते, कारण बाई त्यांना तशीच हाक मारतात. ते पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते. माणूस सरळ, हाताचा नेमका. लग्न झाले त्याच वर्षी बाईंनी त्यांना बजावले होते की माझे अर्धवट लिखाण वाचायचे नाही. ती आज्ञा त्यांनी इतक्या निष्ठेने पाळली की पूर्ण झालेलेही फारसे वाचले नाही. मात्र न वाचता ते बाईंच्या कागदांवर चहाचा कप ठेवत, पाठीमागे नळांची मापे लिहीत. लेक त्याच कागदांच्या होड्या करी. आणि सासूबाई स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली ते कागद अंथरत.

एकदा पहिल्या कादंबरीचे आख्खे तिसरे प्रकरण नाहीसे झाले. बाईंनी घर पालथे घातले. शेवटी ते पिठाच्या आणि डाळींच्या डब्यांखाली सापडले.

"एकाच बाजूला लिहिलंय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसरी बाजू कोरीच होती की."

तरीही त्यांनी लिहिलेली बाजू वर ठेवली होती. कागद अंथरायचीही एक पद्धत असते, कोरी बाजू वर, शाईची खाली. एवढेही या घरात कोणाला येत नाही, असे मला तेव्हा वाटले होते. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी बाई टेबलाशी बसून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला धास्ती वाटली, आणि ती खोटी नव्हती. या घरात माझ्याकडे कोणी फिरकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. अहो माझ्याभोवती वळसा घालून जात. लेक चुरगळलेला कागद लांबून नेम धरून फेकी, चुकला तर तसाच राहू देई. मला रिकामी करणे हे काम बाईंचे, हे जणू घर बांधतानाच ठरले होते. म्हणजे घरातली एकमेव सुरक्षित जागा कोणती? बाईंनी एक जुना जाड अभ्रा घेतला, त्यात कादंबरीची पाने घातली, ती माझ्या तळाशी ठेवली आणि वरून चुरगळलेले बोळे पसरले.

झाले. मी कचऱ्याची टोपली, माझी तिजोरी झाली. पुढे चार कादंबऱ्या माझ्या पोटात वाढल्या. खरा कचरा तेवढा वरच्या वर उचलला जाई, तळाच्या अभ्र्याला हात नाही. तळावर थापा बसल्याला मला किती वर्षे झाली असतील, तुम्हीच हिशेब करा.

कौतुक म्हणाल तर बाईंचे झाले. दुसऱ्या कादंबरीला मोठे बक्षीस मिळाले तेव्हा छायाचित्रकार घरी आला. बाई टेबलाशी बसल्या, पेन हातात घेतले आणि पायाने मला हळूच चौकटीबाहेर सरकवले. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारले की तुम्ही पाने कुठे जपून ठेवता, तर म्हणाल्या, टेबलावरच. मी तिथेच होते, हातभर अंतरावर, पोटात तिसरी कादंबरी घेऊन.

सासूबाई गेल्या आणि काही वर्षांनी बाईंनी त्यांच्यावरच कादंबरी सुरू केली. अकरा वर्षे चालली ती. बाईंचा हात आता थरथरत होता, डोळ्यांवर सायही धरू लागली होती, पण हिरवी शाई तीच. पाने तीनशेच्या वर गेली. कोणत्याही पानावर आकडा नाही. कादंबरी संपेपर्यंत पानाची जागा पक्की नसते, असे त्यांचे म्हणणे. लेक आता मोठी बाई झाली होती. ती सारखी मागे लागे की आई, निदान मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवू. बाई म्हणत, "शेवटचं प्रकरण होऊ दे." एक प्रकरण उरले होते. एक.

आणि नेमके तेव्हाच बाईंना सदरासाठी विषय सुचला. 'टोपली कोण रिकामी करतं?' असे त्या लेखाचे नाव. त्याचे सहा खर्डे माझ्यातच पडले, म्हणून मला तो पाठ आहे. आमच्या घरात चार माणसे राहिली, असे त्यात लिहिले होते. चौघांनी कचरा केला. बेचाळीस वर्षांत टेबलाखालची टोपली माझ्याशिवाय एकानेही रिकामी केली नाही. बाई, म्हणून तर तुमची कादंबरी जिवंत आहे, असे मी आतून ओरडत होते. लेख छापून आला. वाचकांची पत्रे आली. कित्येक बायकांनी तो कापून भिंतीला चिकटवला म्हणे.

आणि अहोंनी वाचला. बायकोचे लिखाण ते सहसा वाचत नसत, पण शेजारच्या निवृत्त मास्तरांनी अंक हातात देऊन म्हटले होते, "तुमच्यावर आलंय बरं का." अंक त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

पुढच्याच आठवड्यात बाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. दवाखान्याच्या वासाने अहोंना भोवळ येते, म्हणून लेक सोबत गेली आणि ते घरी राहिले. दोघी गेल्यावर ते टेबलापाशी आले. गुडघ्यांवर हात टेकून खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले.

मित्रांनो, ज्या क्षणाची मी चाळीस वर्षे वाट पाहिली तो असा यावा? वरचे बोळे त्यांनी कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले. पेन्सिलीची साले वेगळी केली. मग अभ्रा हाती लागला. त्यांनी तो उघडला. चांगल्या कापडाचा अभ्रा कचऱ्यात पडलेला पाहून त्यांना वाईट वाटले असावे. त्यांनी तो झटकला. अकरा वर्षे पिशवीत पडली. ते वाकले, हिरव्या शाईकडे बघितले आणि लगेच नजर वळवली. वाचायचे नाही म्हणून. मग मला उलटी धरून तळावर थापा मारल्या. दोन.

कचऱ्याची गाडी दहा वाजता आली आणि गेली.

बाई दुपारी परतल्या. एका डोळ्यावर पट्टी. अहो दारातच उभे होते.

"टोपली रिकामी केली," ते म्हणाले. "आणि तळाशी एक चांगला अभ्रा पडला होता. धुऊन वाळत घातला."

बाईंनी एका डोळ्याने दोरीकडे पाहिले. अभ्र्यातून पाणी ठिबकत होते.

"आतलं?"

"आतले कागद सुक्या कचऱ्यात. ओलं आणि सुकं वेगळं केलं मी."

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "वाचलं नाहीत?"

"वाचायचं नाही असं तूच सांगितलं होतंस."

लेक हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, ती आजीची कादंबरी होती."

अहोंचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. त्यांनी छत्री घेतली नाही, चष्म्याचे घर घेतले नाही. मला मात्र काखोटीला मारले आणि घरातल्या चपलांनीच बाहेर पडले. मला का नेले, ते त्यांनाही सांगता आले नसते.

सुका कचरा निवडायची शेड गावाबाहेर होती. पत्र्याखाली सात-आठ बायका नाकाला फडके बांधून बसल्या होत्या. बाटल्यांचा ढीग, पुठ्ठ्यांचा ढीग, कागदांचा ढीग. अहो प्रत्येकीपुढे थांबत आणि म्हणत, "हिरव्या शाईचे कागद. एवढी टोपली भरून." कागदाचे बरेच गठ्ठे यंत्रात दाबून बांधून झाले होते. एक बाई नुसतीच बघत राहिली. मग तिने आपल्या पोत्याखालून एक गठ्ठा काढला.

"एका बाजूनं कोरे होते, म्हणून बाजूला ठेवले," ती म्हणाली. "नात चित्रं काढते. महत्त्वाचे आहेत का?"

"माहीत नाही," अहो म्हणाले. "मी वाचले नाहीत."

"मी वाचले थोडे. जेवणाच्या सुट्टीत." गठ्ठा तिने लगेच हातातून सोडला नाही. "ती म्हातारी पुढं काय करते हो?"

अहोंनी गठ्ठा हातात घेतला. ती म्हातारी म्हणजे त्यांची आई होती.

सव्वादोनशे पाने परत आली. उरलेली गठ्ठ्यांत दाबली गेली होती. बाईंनी पाने हाताने चाचपली. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केली होती आणि पानांवर आकडे नव्हते. ती लावायची तर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवे होते. लेक कामावर जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अहोंनी खुर्ची ओढली, गठ्ठा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "परवानगी आहे का?"

"वाचा," बाई म्हणाल्या. आवाज अजून कडूच होता.

पहिले काही दिवस ते खात्याचा अहवाल वाचावा तसे वाचत. बाई चिडत. स्वल्पविरामाला थांबा, तो काय शोभेला आहे का, म्हणत. मग एका सकाळी एक पान आले. त्यात एक म्हातारी दुपारी घर निजले की स्वयंपाकघरात जाते, फळीवरचा डबा उचलते आणि खाली अंथरलेला कागद उभ्याउभ्या वाचते. मग दुसरा डबा. पुढचे पान कोणत्या डब्याखाली आहे ते तिला पाठ असते. सुनेला ती हे कधी सांगत नाही.

अहो थांबले.

"आई असं करायची?"

"रोज. मी एकदा दारातून पाहिलं आणि मग टाकलेले खर्डे मुद्दाम तिच्या हाताशी ठेवायला लागले. ती सगळे उलगडून, लिहिलेली बाजू वर करून अंथरायची."

"मला कधी बोलली नाहीस."

बाई मग म्हणाल्या, "वाचायचं नाही असं मीच सांगितलं होतं ना तुम्हाला."

मी टेबलाखाली होते. माझ्या मनातली जुनी तक्रार तेव्हा मी मागे घेतली. कागद अंथरायची पद्धत सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगली येत होती.

हरवलेली पाने बाईंनी आठवून सांगितली आणि अहोंनी लिहिली. चौकोनी अक्षर, प्रत्येक पानावर आकडा, कोपऱ्यात तारीख. भांडणे झाली. आई असं बोलणारच नाही, असे अहो म्हणत. "तुमची आई नाही बोलणार. माझी सासू बोलायची," बाई म्हणत आणि पुढचे वाक्य सांगत. जुनी पाने पुन्हा तशीच आली नाहीत. काही बरी झाली, काही गेली ती गेलीच. पण शेवटचे प्रकरण झाले आणि पुस्तक निघाले. पहिली प्रत अहो स्वतः त्या शेडवर देऊन आले. म्हातारी पुढे काय करते ते तिथे कळायला हवे होते.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की मी सुखी आहे. काही दिवस होतेही. अहो रोज सकाळी येत, "टाकू का?" असे विचारत, आणि बाई "बघून टाका" म्हणत. औषधांची वेष्टने, जुनी पाकिटे, पेन्सिलीची साले, असा खराखुरा कचरा पोटात येई आणि जाई. थापा बसत. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. घरातली टोपली रिकामी करा, आपणहून करा, कोणी लेख लिहीपर्यंत थांबू नका. पण उलटी करण्याआधी एकदा आत पाहा. आणि ज्याचे कागद आहेत त्याला विचारा, काय लिहिलंय. चाळीस वर्षे न विचारणे म्हणजे आदर नव्हे.

तुम्ही ऐकाल असे वाटते. या घरात कोणी ऐकत नाही.

गेल्या पंधरवड्यात अहोंना सर्दी झाली, म्हणून बाई स्वतः मला रिकामी करायला आल्या. वरचे बोळे काढले आणि त्यांचा हात थांबला. तळाशी तोच अभ्रा होता. आत पाने होती. बाईंनी एकच पान अर्धे बाहेर ओढले. चौकोनी अक्षर, आकडा, कोपऱ्यात त्याच आठवड्यातली तारीख. आतल्या खोलीत अहो शिंकत होते. बाईंनी ते पान न वाचता तसेच आत सरकवले, अभ्रा तळाशी नीट बसवला आणि काढलेले बोळे एकेक करून वर परत पसरले.

मग माझ्या झुकलेल्या काठावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "सांभाळ गं."

मित्रांनो, मी कचऱ्याची टोपली आहे. यांना कोणीतरी सांगा.